‘फोटोच तसा आहे’ हे साफ खोटं आहे

आमच्या धंद्यात एक वाक्य फार चालतं. गिऱ्हाईक कलर प्रिंट हातात घेतं, उजेडाकडे धरून पाहतं, त्याचा चेहरा पडतो आणि ते दबकत विचारतं, “भाऊ, हे असं काहून आलं?” काउंटरमागून मान वर न करता उत्तर येतं, “फोटोच तसा हाये, मी काय करू?” गिऱ्हाईक गप्प बसतं. ते वाईगौळहून नाहीतर फुलउमरीहून आलेलं असतं, तहसीलमधलं काम अडलेलं असतं, गावाकडची गाडी सुटायची असते. पैसे देऊन ते निघून जातं. मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात झेरॉक्स, स्कॅन आणि कलर प्रिंटचंच काम करतो, आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांना तोंडावर सांगतो: बहुतेक वेळा फोटो तसा नसतो. तुम्ही सेटिंग पाहिलेलं नसतं. नाहीतर पाहून मुद्दाम खालचं ठेवलेलं असतं.

प्रिंट द्यायला गेलं की पडद्यावर एक छोटी खिडकी उघडते. कागद कोणता ते ती विचारते: साधा, मॅट की ग्लॉसी. दर्जा कोणता ते विचारते: ड्राफ्ट, स्टँडर्ड की हाय. शेजारच्या पानावर रंग कसे सांभाळायचे त्याचे पर्याय असतात. एवढंच. पण कित्येक दुकानांत प्रिंटर बसवून देणाऱ्या पोराने पहिल्या दिवशी जे ठेवलं तेच आजही आहे. कागद साधा, दर्जा ड्राफ्ट. त्याच सेटिंगवर रेशन कार्डाची नक्कल निघते, त्याच सेटिंगवर बारशाचा फोटो आणि त्याच सेटिंगवर तेरवीला भिंतीवर लावायचा फोटो. दर मात्र प्रत्येकाचा वेगळा घेतला जातो.

ड्राफ्टमध्ये काय होतं ते नीट समजून घ्या. शाईच्या प्रिंटरचं हेड कागदावरून आडवं धावतं आणि डोळ्याला न दिसणारे थेंब सोडतं. चांगल्या दर्जाला ते एकाच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा जातं आणि आधीच्या फेरीत राहिलेल्या फटी पुढच्या फेरीत भरून काढतं. ड्राफ्टमध्ये फेऱ्या कमी आणि थेंबही विरळ. म्हणून आभाळात आडव्या रेघा उमटतात, गालावर दाणे दिसतात, काळेभोर केस राखाडी होतात. लेझर यंत्रातलं टोनर-सेव्ह वेगळ्या वाटेने तेच करतं. कागदाचं उत्तर चुकलं तर आणखी घोळ. ट्रेमध्ये ग्लॉसी कागद आणि यंत्राला सांगितलंय ‘साधा’, मग यंत्र साध्या कागदाच्या हिशेबाने शाई सोडतं आणि फोटो मरगळलेला येतो. उलट केलं की साधा कागद शाई पिऊन ओला होतो, अक्षरांच्या कडा फुटतात. गिऱ्हाईकाने तोंड उघडलंच तर खोक्यावर छापलेला 5760 बाय 1440 डीपीआयचा आकडा त्याच्यापुढे नाचवायचा. अरे, तो आकडा यंत्र थेंब किती बारीक अंतरावर ठेवू शकतं त्याचा आहे. फोटोत तपशील किती याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि ड्राफ्ट लावलेला असेल तर त्या आकड्याची बढाई मारायचा हक्कही उरत नाही.

किराणा दुकानातल्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. 2009चा कायदा आहे, निरीक्षक आहेत, दंड आहे. रंगीत प्रिंटवर असा कोणताच शिक्का नाही, म्हणून इथे मापात पाप राजरोस चालतं. एक कायदा मात्र आपल्यालाही लागू आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. फोटोचा दर घेऊन ड्राफ्ट हातात टेकवणं त्यात बसतं, असं माझं ठाम मत आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रिंटसाठी कायद्याची भाषा कशाला? एवढीशी प्रिंट कुणाचं काय करते ते सांगतो.

2023च्या सप्टेंबरात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. पांढरी माशी हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे चट्टे पडतात, मग पान पिवळं होत जातं, शेंगा भरत नाहीत. वाशीम जिल्हा तर सोयाबीनवरच जगतो. इंझोरीकडचा एक शेतकरी अर्जाला जोडायचे फोटो दुसरीकडून छापून माझ्याकडे आला. म्हणाला, “पाहा बरं, ह्या फोटूत तं वावर हिरवं दिसून राह्यलं.” खरंच हिरवं दिसत होतं. मोबाइलमध्ये तेच वावर हळदीसारखं पिवळं होतं. झालं होतं असं की रंगांची आपोआप दुरुस्ती चालू होती. अख्ख्या फोटोवर एकच रंग पसरलेला दिसला की यंत्राला वाटतं ही उजेडाची चूक आहे, आणि ते तो रंग कापून टाकतं. वर झाडोरा तजेलदार दाखवायची त्याला भारी हौस. रोग पडलेल्या पिकाला त्याने निरोगी करून दिलं. मी ती दुरुस्ती बंद केली, मॅट कागद घातला, कागदाचं नाव खरं सांगितलं, दर्जा हाय ठेवला. पानावरचे चट्टे एकेक करून मोजता येतील असे उमटले.

त्या माणसाचं वर्षाचं पीक गेलेलं होतं. पिवळा रंग हाच त्याचा पुरावा होता आणि तो एका बरोबरच्या खुणेने पुसला गेला होता. त्याला आधीच्या दुकानात काय सांगितलं होतं? फोटोच तसा हाये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मानोरा हा बंजारा समाजाचा तालुका. समाजाचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी इथलंच. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, आणि जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. हा पुरावा म्हणजे काय, तर आजोबाचं नाव असलेलं शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचं एखादं पान, नाहीतर कोतवाल बुकातली एक ओळ. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, शाई उडून तपकिरी झालेली. असं पान काचेवर ठेवून कित्येक दुकानांत सरळ ‘ब्लॅक अँड व्हाइट’ स्कॅन मारतात. या सेटिंगमध्ये यंत्र प्रत्येक ठिपक्याला दोनच घरं देतं, काळं किंवा पांढरं. मधलं काही नाही. फिकट तपकिरी अक्षर पांढऱ्यात गेलं की ते संपलं. पाण्याचा डाग काळ्यात गेला की त्याच्याखालचं नावही गेलं. जातीच्या रकान्यातला शब्द, ज्याच्यासाठी पोरगा चार ऑफिसं फिरून ते पान घेऊन आलेला असतो, तोच नेमका दिसत नाही. मग अर्जावर शेरा येतो: कागदपत्र अस्पष्ट.

तेच पान 300 डीपीआयवर कलरमध्ये स्कॅन करा. तपकिरी शाई आणि पिवळा कागद हे दोन वेगळे रंग म्हणून यंत्राला कळतात आणि अक्षर शाबूत राहतं. जुन्या कागदाला काळा-पांढरा स्कॅन लावूच नये. फाइल थोडी मोठी होते, स्कॅनला थोडा जास्त वेळ लागतो. पोराच्या प्रवेशापुढे तो वेळ किती?

यात भर म्हणजे नकलेची नक्कल. जेपीईजी ही पद्धत 1992 सालची. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहज न कळणारा तपशील फेकून देते. एकदा फेकलेलं परत येत नाही. फाइल उघडली, थोडी कापली, पुन्हा सेव्ह केली की पुन्हा फेकाफेक. मग ती व्हॉट्सॲपवर पाठवली. तिथे साध्या मार्गाने गेलेल्या फोटोची लांब बाजू साधारण 1600 ठिपक्यांवर येते. 300च्या हिशेबाने ती सव्वापाच इंच भरते. अशा फोटोची ए4 प्रिंट मागितली तर यंत्राला उरलेले ठिपके मनाने भरावे लागतात. ऑगस्ट 2023 पासून एचडी पाठवायची सोय आली आहे, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फोटो मूळचा जसाच्या तसा येतो. हे सांगायला किती वेळ लागतो? “दादा, फोटो डॉक्युमेंटमधून टाका.” एवढं एक वाक्य. ते न बोलता पैसे घेणारे आहेत म्हणूनच मी चिडतो.

सरकारी आणि बँकांच्या भरतीचे फॉर्म हाही या रोगाचा एक उगम आहे. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो 20 ते 50 केबीच्या आत, 200 बाय 230 ठिपक्यांचा लागतो. फॉर्मपुरतं ते ठीक. पण दुकानदार मूळ फोटो उडवतो आणि हा चिमुकला फोटो तेवढा कॉम्प्युटरवर ठेवतो. वर्षभराने त्या पोराला नोकरी लागते, घरचे सत्कारासाठी मोठा फोटो मागतात, आणि तो 200 ठिपक्यांचा फोटो आठ बाय दहा इंचांवर ताणला जातो. पोराच्या आयुष्यातला पहिला अभिमानाचा फोटो, आणि नाक कुठे संपतं, ओठ कुठे सुरू होतात ते कळत नाही.

आता फ्लेक्सकडे पाहा, म्हणजे आपल्याला दर्जा कळत नाही ही सबबही गळून पडेल. नेत्याच्या वाढदिवसाचा दहा बाय आठ फुटांचा बॅनर असला की तीच माणसं रात्री जागतात, चेहऱ्याचा रंग चारदा तपासतात, फोटो मूळचाच मागवून घेतात. खरं तर तिथे एवढ्या बारकाव्याची गरज सगळ्यात कमी. फूटभर अंतरावरून वाचायच्या कागदाला इंचाला 300 ठिपके लागतात, कारण निरोगी डोळा साधारण तेवढंच वेगळं करू शकतो. अंतर दहापट झालं की दहावा हिस्सा पुरतो. दहा फुटांवरून पाहायच्या बॅनरला 30 ठिपकेही चालतात. जिथे 30ने भागतं तिथे जीव टाकायचा, आणि जिथे 300 वाचून कुणाचा दाखला अडतो तिथे ड्राफ्ट मारायचा. याला अज्ञान म्हणायला मी तयार नाही. कुणाला जपायचं आणि कुणाला उडवून लावायचं हे त्यांनी ठरवलेलं आहे.

फोटोच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त लागतं ते म्हाताऱ्या बायांच्या तसबिरींचं. तांड्यावरची एखादी याडी, म्हणजे आई, जाते. घरात तिचा एकच धड फोटो असतो, कुणाच्या तरी लग्नातला. अंगावर फेटिया, कांचळी, त्यावर आरशांचं काम, हातात चुडो, कानांवरून लोंबणारी चांदीची घुगरी. पोरं तो फोटो घेऊन येतात आणि फ्रेम मागतात. आता यात जपायचं काय असतं? आरशाची चमक, कापडाचा लाल आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. ड्राफ्टमध्ये आरसे राखाडी ठिपके होतात. लाल रंगाची गोष्ट आणखी नाजूक. पडदा उजेडातून रंग दाखवतो, लाल-हिरवा-निळा मिळवून. कागदावर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई असते. पडद्यावरचा झगझगीत लाल या शायांत पूर्ण मावतच नाही, त्याचं भाषांतर करावं लागतं. यंत्राला त्या कागदाचं आणि त्या शाईचं बरोबर रंगप्रोफाइल दिलं तर लाल थोडा शांत होतो, पण लालच राहतो. स्वस्तातली भलतीच शाई भरून मूळ शाईचं सेटिंग ठेवलं तर तो विटकरी होतो, कधी गुलाबी. आणि प्रोफाइल म्हणजे काही अवकाशविज्ञान नाही. इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था 1993 पासून याच कामासाठी आहे, कागदाच्या कंपन्या प्रोफाइल फुकट देतात.

मग येतो चेहरा. सावळी, उन्हात रापलेली बाई. आमचे कलाकार पहिलं काय करतात, तर तिला उजळ करतात. विचारत नाहीत. सुरकुत्या पुसतात, गाल गुलाबी करतात. नातवंडं फ्रेम हातात घेतात आणि क्षणभर ओळखच पटत नाही. हा रोग जगभरचा आहे. कोडॅकने रंग जुळवायला लॅबना जी कार्डं दिली, त्यांना तिथल्या एका कर्मचारी बाईच्या नावावरून शर्ली कार्ड म्हणत, आणि कितीतरी वर्षं त्या कार्डावर गोरीच बाई असे. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे रंग बरोबर, असा हिशेब. काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात काळे ठिक्कर नाहीतर मातकट यायचे. ते अमेरिकेत झालं. इथे आपल्याच तालुक्यातल्या, आपल्याच रंगाच्या माणसाने आपल्याच म्हातारीला गोरं करून द्यावं याचा मला संताप येतो. तिचा रंग ही दुरुस्त करायची गोष्ट नाही.

या महाराष्ट्राने रंगीत छपाई किती जीव लावून केली आहे ते आठवा. 1878 साली पुण्यात चित्रशाळा निघाली, 1894 साली मुंबईत गिरगावात राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, पुढे तो मळवलीला गेला. त्या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एका चित्राला अनेक दगड, प्रत्येक दगड मागच्या रंगावर केसभरही न हलता बसवायचा. आधी कच्ची प्रत काढायची, ती पाहायची, मगच पुढे जायचं. त्या तसबिरी घराघरांतल्या देवघरात गेल्या. पुढे 1993 साली इंडिगो आणि झायकॉनची रंगीत डिजिटल यंत्रं बाजारात आली, प्लेट बनवायचं कामच उरलं नाही, एक प्रतसुद्धा परवडायला लागली. यंत्राने कष्ट वाचवले हे चांगलंच झालं. पण कच्ची प्रत पाहणारा माणूसही आपण त्याबरोबर घरी बसवला. आज रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला जा. जगदंबा मातेच्या, सेवालाल महाराजांच्या काही तसबिरी अशा दिसतात की व्हॉट्सॲपवरून उतरवलेलं चित्र सरळ छापून काच लावलेली. फेट्याच्या कडेला चौकोन पडलेले, डोळे पुसट. लांबून पायी आलेला माणूस ती कपाळाला लावून घरी नेतो. श्रद्धेचं माणूस घासाघीस करत नाही, म्हणून त्याला काहीही द्यायचं?

दुकानदारांची बाजू मला ठाऊक आहे, मी त्याच बाजूला बसतो. शाई महाग आहे. समोरचा दोन रुपये कमी घेतो. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असते, लाइट जाते, मे महिन्याच्या उन्हात नोझल सुकतात आणि हेड साफ करण्यातच शाई वाया जाते. सगळं खरं. म्हणून ड्राफ्ट हा पर्याय मी वाईट म्हणत नाही. फॉर्मला जोडायची नक्कल, परीक्षेचं वेळापत्रक, ग्रामपंचायतीची नोटीस यांना ड्राफ्टच लावा. तिथे हाय लावून शाई जाळणं हीसुद्धा नासाडीच. माझं म्हणणं एवढंच की हे गिऱ्हाईकाला सांगा आणि दर तसा घ्या. दुकानात पाटी लावा: ड्राफ्टचा दर हा, साध्याचा हा, फोटोचा हा. “कशासाठी पाहिजे?” हा प्रश्न विचारल्याशिवाय प्रिंट देऊ नका. सकाळी यंत्र चालू केलं की नोझल तपासायची पट्टी काढा. एखादा रंग तुटलेला दिसला तर त्या दिवशी आधी ते बघा, गिऱ्हाईकाच्या फोटोवर प्रयोग करू नका. स्वस्त शाई वापरता तर तसं सांगा, कारण भिंतीवरच्या उन्हात ती लवकर उडते आणि चेहरा फिका पडल्यावर तो माणूस तुम्हाला शोधत येणार नाही, तो स्वतःच्या नशिबाला बोल लावेल. आणि लोकांचे मूळ फोटो उडवू नका.

ज्याला हे जमत नाही त्याने फोटो छापू नये. झेरॉक्स करावी, रिचार्ज मारावा, लॅमिनेशन करावं. इज्जतीची कामं आहेत.

आणि आता गिऱ्हाईकांना. तुम्ही बोलत नाही म्हणून हे चालतं. पुढच्या वेळी फोटो किंवा जुना कागद घेऊन दुकानात जाल तेव्हा प्रिंट निघायच्या आधी काउंटरच्या आत डोकवा आणि म्हणा, “भाऊ, ते सेटिंग दाखव.” कागदाचं नाव आणि दर्जाचं नाव, दोन शब्द वाचायचे आहेत. स्वतःला वाचता येत नसेल तर सोबतच्या पोरीला वाचायला सांगा. शाळेत जाणारी कोणतीही पोरगी ते वाचेल. तिथे ड्राफ्ट लिहिलेलं असेल आणि पैसे फोटोचे मागितले जात असतील, तर पैसे देऊ नका आणि ती प्रिंटही घेऊ नका.